खांद्याच्या सांधेबदलाआधीची संगणकी आखणी: रुग्ण आणि नातेवाइकांसाठी माहिती

खांद्याचा सांधा बदलायचे ठरले की सर्जन सीटी स्कॅन करायला सांगतात आणि तो आमच्याकडे पाठवतात. त्यावरून आम्ही हाडाचे त्रिमितीय चित्र तयार करतो, नवा सांधा कुठे आणि किती कलता बसवायचा हे सर्जनांबरोबर पक्के करतो आणि गरज असेल तर त्या मापाचा गाईड, म्हणजे शस्त्रक्रियेत पिनला दिशा देणारा साचा, छापून देतो. यात ‘एआय’ आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा त्याचा वाटा नाही.

सगळा खटाटोप वाटीसाठी

खांद्यात दंडाच्या हाडाचा गोळा खवाट्याच्या वाटीवर फिरतो. ही वाटी उंचीला साधारण साडेतीन सेंटिमीटर आणि रुंदीला अडीच. लहान चणीच्या बायकांमध्ये त्याहूनही लहान. शस्त्रक्रियेत सर्जनांना वाटीचा फक्त दर्शनी भाग दिसतो, मागचा खवाटा मांसाखाली झाकलेला असतो. वाटी मागच्या बाजूने झिजलेली असेल तर दिसणारा भागच फसवा ठरतो आणि साध्या एक्स-रेवर ही झीज पुष्कळदा नीट कळत नाही.

वाटीच्या मध्यावर आधी एक बारीक पिन ठोकतात. हाड घासणे, भोक पाडणे, कृत्रिम वाटी बसवणे हे सगळे त्या पिनच्या दिशेने होते. ती कलली की पुढचे सगळे कलते. नेहमीच्या सांध्यात मग प्लास्टिकची वाटी लवकर सैल होते. रोटेटर कफचे, म्हणजे गोळा वाटीवर धरून ठेवणारे स्नायू निकामी असतील तर उलटा सांधा बसवतात, म्हणजे गोळा वाटीच्या जागी आणि वाटी दंडावर. फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५च्या सुमारास हा सांधा रूढ केला. त्याची तळपट्टी (गोळा ज्यावर बसतो ती, खवाट्याला स्क्रूंनी बसवलेली) वरच्या दिशेला कलली तर स्क्रूंवर नको तो ताण येतो, सांधा निखळण्याची भीतीही वाढते.

स्कॅन असा हवा

आमच्याकडून परत जाणाऱ्या केसेसपैकी बहुतेक इथेच अडतात, म्हणून सेंटरवर हा भाग दाखवा.

स्कॅनमधले काप (एकावर एक असलेल्या चित्रांचे थर) १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत. खवाटा पूर्ण यायला हवा: आतली कड आणि खालचे टोकही. फक्त सांध्यापुरता स्कॅन काढला तर वाटीचा कल मोजायला आधाररेषाच मिळत नाही, आणि मग सॉफ्टवेअर कितीही हुशार असो, आकडा चुकतोच. दुखरा हात अंगालगत सरळ, दुसरा डोक्यावर. मंगळसूत्र, चेन, सेफ्टी पिन काढून ठेवा, धातूमुळे चित्रात रेघोट्या उठतात. या आखणीसाठी शिरेतून औषध सोडावे लागत नाही.

निकाल म्हणून फिल्म नको, डायकॉम फाइल्सची (स्कॅनच्या मूळ डिजिटल चित्रांची) सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो आम्हाला उपयोगाचा नाही. सेंटरवाले सोयीसाठी जाड काप जोडून देतात, तेव्हा ‘मूळ पातळ काप द्या’ असे स्पष्ट सांगा.

एआय नेमके काय करते

हजारो स्कॅन पाहून शिकलेले सॉफ्टवेअर खवाटा आणि दंडाचे हाड वेगळे करते, ठरावीक खुणा शोधते आणि वाटी किती अंशांनी मागे किंवा वर कललेली आहे ते सांगते. हाताने हेच करायला बराच वेळ लागे, आता काही मिनिटे पुरतात. पण कूर्चा (सांध्यात हाडांवर असलेले गुळगुळीत आवरण) पूर्ण झिजून हाड हाडाला टेकले असेल तर गोळा आणि वाटी त्याला एकच वाटतात. हाडे ठिसूळ असतील तर खवाट्याच्या पातळ पत्र्यात ते खोटी भोके दाखवते. जुनी पट्टी किंवा स्क्रू असेल तिथेही गोंधळते. म्हणून आमचे इंजिनिअर प्रत्येक केसमध्ये तिन्ही दिशांचे काप तपासून सीमा हाताने दुरुस्त करतात. सर्जनांनी मंजुरी दिल्याशिवाय काहीही छापले जात नाही.

गाईड, नेव्हिगेशन, रोबो

गाईड नायलॉनचा असतो, वाटीच्या कडेवर बसतो आणि त्याच्या भोकातून पिन जाते. तुमची केस आणि डावा-उजवा खांदा त्यावर कोरलेला असतो. तो निर्जंतुक करण्याचे काम रुग्णालयाचे. मोठी अडचण अशी की कूर्चा सीटीवर दिसत नाही. समजा वाटी २५ मिलिमीटर रुंद आहे आणि गाईडच्या एका पायाखाली २ मिलिमीटर कूर्चा राहिली, तर गाईड सुमारे साडेचार अंशांनी कलतो आणि त्याचा सगळा फायदा जातो. म्हणून सोबत हाडाची प्रतिकृतीही देतो, तिच्यावर गाईड आधी बसवून पाहता येतो.

नेव्हिगेशनमध्ये खवाट्याच्या चोचीसारख्या टोकाला ट्रॅकर बसवून कॅमेऱ्याने दिशा पाहतात. ट्रॅकर हलला तर पडद्यावरचे आकडे निरर्थक. रोबो सर्वांत नवा: झिमर बायोमेटच्या ‘रोझा शोल्डर’ला अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणे तपासणाऱ्या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता दिली. तोही आपण होऊन शस्त्रक्रिया करत नाही.

या साधनांनी वाटी आखणीच्या जास्त जवळ बसते. सांधा जास्त वर्षे टिकतो, हे मात्र अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. झीज सरळसाधी आणि सर्जन सरावाचे असतील तर पडद्यावरची आखणी बहुधा पुरते, गाईडवर खर्च करू नका. वाटी एका बाजूने खूप खचली असेल किंवा आधीचा सांधा काढून दुसरा बसवायचा असेल, तर गाईड किंवा नेव्हिगेशनबद्दल जरूर विचारा. विमा असेल तर गाईडचा खर्च मिळतो का, हे कंपनीकडून आधी लेखी घ्या.

स्कॅन सहा महिन्यांपेक्षा जुना झाला, मधल्या काळात तुम्ही पडलात किंवा खांद्यावर दुसरी शस्त्रक्रिया झाली, तर सर्जनांना आणि आम्हाला कळवा. हाडाचा आकार बदललेला असू शकतो, त्यामुळे तो गाईड न वापरता नव्या स्कॅनवर आखणी पुन्हा करावी लागते.