टॉर्क जास्त म्हणजे मसल क्रूझर नव्हे

जळगावच्या आकाशवाणी चौकात रुंद टायरची, लांबलचक मोटारसायकल थांबली की पहिला प्रश्न ठरलेला: "कितला अ‍ॅव्हरेज देस भो?" आणि पाठोपाठ कुणीतरी छातीठोकपणे सांगतो, "मसल क्रूझर आहे ती." बहुतेक वेळा ती मसल क्रूझर नसते, नुसती मोठी क्रूझर असते. मसल क्रूझर म्हणजे अंग क्रूझरचंच, पण इंजिन असं की वेग वाढला तरी जोर ओसरत नाही. हा घोळ इतक्यांदा ऐकलाय की एकदा नीट मांडतोच.

क्रूझर म्हणजे काय, हे बुलेटवर वाढलेल्या खान्देशाला समजावत बसायला नको. बसकी सीट, पुढे टाकलेले पाय, संथ ठोक्यांचं इंजिन. मीटिअर झाली, अ‍ॅव्हेंजर झाली, धुळ्याहून शिरपूरला पाठ न दुखता पोचवते. मसल क्रूझरचे दिसण्यातले फरकही किरकोळच. मागचा टायर २४० मिलिमीटरचा असला म्हणून गाडीत ताकद येत नाही. ३५० सीसीच्या गाडीला तसला टायर बसवून घेणाऱ्यांचं मला वाईट वाटतं, कारण ती गाडी वळणावर जड होते आणि आहे तेवढा जोरही टायर फिरवण्यात खर्ची पडतो. फटाका सायलेन्सरबद्दल तर बोलायलाच नको. आवाज म्हणजे ताकद नव्हे.

खरी गफलत टॉर्कची, म्हणजे इंजिनच्या पिळाची आहे. "क्रूझरपेक्षा टॉर्क जास्त, म्हणून मसल" हे वाक्य जाणकार म्हणवणारेही बोलतात. आकडे बघा. हार्लेची फॅट बॉय ११४ ही अस्सल, भारदस्त क्रूझर. इंजिन १८६८ सीसी, टॉर्क साधारण १५५ न्यूटन-मीटर, ताकद ९४ एचपी. डुकाटीची डियाव्हेल व्ही४ ही मसल क्रूझर. इंजिन ११५८ सीसी, टॉर्क १२६, म्हणजे फॅट बॉयपेक्षा कमीच. ताकद मात्र १६८ एचपी. सीसी कमी, टॉर्क कमी, तरी मसल तीच. हे कसं?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. बैलाचा खांदा म्हणजे टॉर्क. रुतलेली गाडी तो चिखलातून ओढून काढील, पण धावायला सांगितलं तर दमतो. सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा तेवढं ओझं ओढणार नाही, पण धावू लागला की त्याचा जोर लवकर सरत नाही. टॉर्क म्हणजे एका फेरीत मिळणारा पीळ, आणि ताकद म्हणजे तो पीळ गुणिले मिनिटाला किती फेऱ्या (आरपीएम). फॅट बॉयचा टॉर्क ३२५० आरपीएमच्या आसपास कळस गाठतो आणि साडेपाच हजारांना इंजिनची मर्यादा येते. डियाव्हेलचा कळसच ७५०० ला, आणि १०,७५० ला, जिथे तिची पूर्ण ताकद मिळते, तिथेही ११० च्या आसपास टॉर्क शिल्लक असतो. इतकं फिरणाऱ्या इंजिनला आखूड गिअर (चाकाच्या एका फेरीमागे इंजिनच्या जास्त फेऱ्या) देता येतो, आणि गिअर आखूड झाला की चाकावर पोचणारा पीळ वाढतो. रस्ता कापतं ते चाक. इंजिनचा कागदावरचा टॉर्क बघून भांडणारे नेमके हा गिअर विसरतात.

कारण इंजिनच्या पोटात आहे. फॅट बॉयचा पिस्टन एका स्ट्रोकमध्ये ११४ मिलिमीटर चालतो, डियाव्हेलचा फक्त ५३.५. एवढा लांब हेलपाटा मारणाऱ्या पिस्टनला दहा हजार आरपीएम झेपणारच नाहीत.

रस्त्यावर हे कसं जाणवतं? लळिंगच्या चढावर पुढे कंटेनर आहे, गिअर तिसरा. मूठ पिळली की मोठी क्रूझर झकास उचलते. पण कंटेनरच्या केबिनशी येईपर्यंत तिचा श्वास संपतो, आणि वरचा गिअर टाकावा लागतो. मसल क्रूझर तिथून पुढे आणखी जोरात ओढते. हात आपोआप हँडलवर घट्ट होतात, पाठ सीटच्या मागच्या उंचवट्याला टेकते, आणि कंटेनर आरशात गेलेला असतो. या गाड्यांचं वेड लागतं ते या दुसऱ्या ओढीपायी. यामाहाच्या १९८५ च्या व्ही-मॅक्सने ही चटक लावली. तिच्या व्ही-बूस्टमध्ये आरपीएम चढले की एका सिलिंडरला दोन कार्ब्युरेटरचं मिश्रण मिळू लागायचं. म्हणजे जोर जिथे ओसरायचा, तिथेच नवा जोर.

एवढ्या ओढीला थांबवायलाही काही हवं. फॅट बॉयला पुढे एकच डिस्क आहे, डियाव्हेलला ३३० मिलिमीटरच्या दोन. फॅट बॉयचे फूटबोर्ड वळणात लवकर घासू लागतात, डियाव्हेल ४१ अंशांपर्यंत झुकते. तोरणमाळच्या वळणांवर हा फरक कुणालाही कळेल.

भुसावळच्या मे महिन्यात सिग्नलला उभं राहायचं तर डियाव्हेलच शहाणी, कारण गाडी उभी असताना तिचे मागचे दोन सिलिंडर बंद होतात आणि मांड्या भाजत नाहीत. तरीही माझं मत ट्रायम्फच्या रॉकेट ३ ला. तिच्या २०२३ पर्यंतच्या मॉडेलचे आकडे बघा: २४५८ सीसी, तीन सिलिंडर, ४००० आरपीएमला २२१ न्यूटन-मीटर, आणि ६००० ला १६५ एचपी देताना त्यातले १९५ च्या आसपास अजून हातात. शिवाय मागचं चाक फिरवायला चेन नाही, शाफ्ट म्हणजे बंदिस्त दांडा आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात, ट्रॅक्टरने उडवलेल्या धुळीतून रोज जाणाऱ्याला चेन पुसत बसावं न लागणं केवढं मोठं सुख आहे!