गाबा हवं, तर ग्लुटामेट कसं नको?

'ग्लुटामेट मेंदू जाळतं, गाबा शांत करतं. ग्लुटामेट असलेलं खाणं सोडा' हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. अर्धं खरं आहे: ही दोन्ही मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारी रसायनं; ग्लुटामेट चेतापेशींना चेतवतं, गाबा आवरतं. पण मेंदूत गाबा बनतं ग्लुटामेटपासूनच! एक एन्झाइम ब६ जीवनसत्त्वाच्या मदतीने त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं, की झालं गाबा. शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ही पायरी पाहून घ्या.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की ग्लुटामेट साचून पेशी मरतात, हेही खरंच. मात्र ते मेंदूतल्याच पेशींतून सांडलेलं असतं. जेवणातलं बहुतेक आतड्याच्या पेशीच वापरतात. उरलेलं, रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं ते ठरवणारा पेशींचा पडदा, म्हणजे रक्त-मेंदू अडसर, सहसा आत सोडत नाही. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट असतं, आईच्या दुधातही.