‘कर्नल-पॉवर ४१’ म्हणजे पॉवर सप्लाय खराब?

सुटे भाग जोडून घरी तयार केलेला गेमिंग संगणक वारंवार बंद पडत असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसत असेल, तर पॉवर सप्लाय (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा भाग) बदलावा, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. नावातच ‘पॉवर’ असल्याने तसा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र ही नोंद बिघाडाच्या क्षणी होत नाही. विंडोज पुन्हा सुरू होताना, मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता असे आढळले की ती लिहिली जाते, म्हणजेच ती परिणाम सांगते, कारण नाही.

पडताळणीसाठी त्याच नोंदीच्या तपशिलातील ‘बगचेककोड’, म्हणजे विंडोज कोलमडल्यावर नोंदवला जाणारा त्रुटीचा क्रमांक, पाहावा. तेथे २७८ असल्यास तो षोडशमान (१६ च्या पायावरील) पद्धतीतील ११६, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा कार्ड प्रतिसाद देईनासे झाल्याची खूण. २९२ असल्यास १२४, म्हणजे हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक. शून्य असेल, तर वीज तुटण्यापासून संगणक गोठण्यापर्यंत काहीही शक्य असते, आणि पॉवर सप्लायवर संशय घेण्यास तेव्हा खरी जागा असते. तरीही खर्चापूर्वी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग, बंद करून तोच गेम चालवून पाहावा, कारण ते प्रोफाइल म्हणजे खरे तर ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणेच असते. त्यानेही फरक पडला नाही, तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवावा. त्यात एकही चूक दिसली, तर ती दुर्लक्षित करू नये.