सहली, पदभ्रमण आणि खेळाडूंची छायाचित्रे : काम ठरवण्यापूर्वीची माहिती

आपल्या सहलीचे, पदभ्रमणाचे किंवा संघाचे छायाचित्रण आमच्याकडे सोपवण्याचा विचार आपण करत असाल, तर हे माहितीपत्रक आपल्यासाठी आहे. आमचा व्यवसाय लहान आहे. एक छायाचित्रकार, एक मदतनीस आणि दोन कॅमेरे एवढाच आमचा संच असल्यामुळे चौकशीच्या वेळी आपण ज्यांच्याशी बोलता तेच मैदानावर येतात आणि नंतर छायाचित्रांची निवडही तेच करतात. इतक्या वर्षांच्या कामातून आमच्या ध्यानात आले आहे की, उघड्यावर घेतलेल्या छायाचित्रांत ज्या उणिवा राहतात त्यांतील बहुतेक कॅमेऱ्यामुळे राहत नाहीत. चुकलेली वेळ, चुकलेली जागा आणि आधी न झालेले बोलणे यांमुळे त्या राहतात. या तिन्ही गोष्टींत आमच्याइतकाच, किंबहुना अधिक, आपला वाटा असतो.

वेळेविषयी

व्यवसायाच्या सुरुवातीला आम्ही एका संघाचे सामूहिक छायाचित्र भर दुपारी घेतले होते. सामना नुकताच संपला होता, सर्व खेळाडू एकत्र होते, पुन्हा सगळ्यांना जमवणे अवघड होते, आणि म्हणून आम्हीही फार विचार न करता होकार दिला. खेळाडूंचे सदरे पांढरे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी होती. छायाचित्र पाहिले तेव्हा सदरे इतके उजळलेले होते की कापडाची वीणही दिसत नव्हती, आणि चेहऱ्यांचा वरचा अर्धा भाग टोपीच्या सावलीत बुडालेला होता. संगणकावर ती सावली उजळवण्याचा प्रयत्न केला, तर चेहऱ्यांवर खरखरीत दाणे उमटले. चूक आमची होती. संघाला शेजारच्या इमारतीच्या सावलीत नेले असते, तर दहा मिनिटांत काम चांगले झाले असते. ते छायाचित्र आम्ही आजही जपून ठेवले आहे आणि नव्या ग्राहकांना वेळेचे महत्त्व समजावताना दाखवतो.

सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि हनुवटीखाली गडद सावल्या पडतात. मानवी डोळा उजेड आणि सावली या दोन्हींतील तपशील एकाच वेळी पाहू शकतो. कॅमेऱ्याची झेप त्या मानाने मर्यादित असते, त्यामुळे त्याला दोहोंपैकी एकाला झुकते माप द्यावे लागते. म्हणून आम्ही सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा सुमारे तासभराचा वेळ आग्रहाने मागतो. या वेळी प्रकाश बाजूने येतो, त्यात ऊब असते आणि चेहऱ्याला उठाव मिळतो. मात्र सूर्य आकाशात तासाला सुमारे १५ अंश सरकतो, आणि क्षितिजाजवळ असताना तर दर काही मिनिटांनी प्रकाशाचा रंग बदलतो. त्यामुळे ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर झाला, तर तो अर्धा तास शेवटी वाढवून भरून काढता येत नाही.

दुपारची वेळ टाळता येणे शक्यच नसेल तर मोठ्या भिंतीची सलग सावली आम्हाला चालते. झाडाखालची जागा पाहणाऱ्याला रम्य वाटते, पण पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे ठिपके चेहऱ्यांवर पडतात आणि ते कोणत्याही उपायाने नीट निघत नाहीत. सावलीतील प्रकाश थोडा निळसर असतो; प्रकाश किती पिवळसर वा निळसर आहे हे सांगणारे माप म्हणजे रंगतापमान, आणि ते जितके अधिक तितका प्रकाश निळसर; मध्यान्हीच्या उन्हाचे ते सुमारे ५५०० केल्विन धरतात, तर निरभ्र आकाशाखालच्या सावलीत ते ७००० केल्विनच्या वर जाते. हा फरक मात्र आम्ही नंतर दुरुस्त करू शकतो.

‘फ्लॅश वापरला की झाले’ असे अनेकदा सुचवले जाते. फ्लॅशचा उपयोग आम्ही जरूर करतो, पण त्याच्या मर्यादा ठाऊक असलेल्या बऱ्या. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा प्रकाश एक चतुर्थांश उरतो. दोन मीटरवर उभ्या असलेल्या एका खेळाडूचा चेहरा छोटा फ्लॅश उन्हातही सहज उजळतो, परंतु तीन रांगांत उभ्या असलेल्या तीस जणांच्या संघाला तो पुरत नाही, आणि पुढच्या रांगेला मिळणारा प्रकाश मागच्या रांगेला मिळत नाही.

नेमका क्षण पकडण्याविषयी

शंभर मीटरचे अंतर दहा सेकंदांत कापणारा धावपटू सेकंदाला सरासरी १० मीटर वेगाने धावत असतो. कॅमेऱ्यात प्रकाश आत सोडणारा पडदा, म्हणजे शटर, सेकंदाच्या १/२५० भागापुरते उघडे राहिले, तर तेवढ्यात तो ४ सेंटिमीटर पुढे सरकतो आणि कॅमेऱ्यासमोरून आडवा जात असेल तर त्याचा चेहरा पुसट येतो; १/१००० भागात तो केवळ १ सेंटिमीटर सरकतो. हात आणि पाय धडापेक्षा अधिक वेगाने हलत असल्याने आम्ही बहुधा १/१००० किंवा त्याहूनही कमी अवधी वापरतो. एवढ्या थोड्या अवधीसाठी भरपूर प्रकाश लागतो, आणि संध्याकाळच्या सरावाची छायाचित्रे दाणेदार का येतात याचे उत्तर यातच आहे.

सेकंदाला दहा छायाचित्रे घेणारा कॅमेरा असला की कोणताच क्षण निसटणार नाही, अशी समजूत आढळते. ती खरी नाही. ताशी १०८ किलोमीटर वेगाने जाणारा चेंडू सेकंदाला ३० मीटर अंतर कापतो, म्हणजे दोन सलग छायाचित्रांच्या मधल्या काळात तो तीन मीटर पुढे निघून जातो. चेंडू बॅटला टेकलेला क्षण मिळणे हे अंदाजाचे आणि सरावाचे काम आहे. घटना डोळ्यांना दिसल्यानंतर बोट दाबले जाईपर्यंत साधारण पंचमांश सेकंद जातो, त्यामुळे छायाचित्रकाराला घटना घडण्यापूर्वीच बटण दाबावे लागते. आणि खेळाडूची लय ठाऊक नसेल तर पूर्वी म्हणजे नेमके केव्हा, हे त्याला कळू शकत नाही. याच कारणासाठी आम्ही मुख्य चित्रणापूर्वी किमान एक सराव नुसता पाहायला येण्याची परवानगी मागतो. तो वेळ वाया जातो असे काही प्रशिक्षकांना वाटते. आमच्या अनुभवात मात्र त्या सरावाइतका फायद्याचा वेळ दुसरा नाही.

उडीच्या बाबतीत निसर्ग आम्हाला मदत करतो. सरळ वर उडालेले शरीर हवेतील एकूण वेळेपैकी निम्मा वेळ उंचीच्या सर्वांत वरच्या चौथ्या भागात असते. चाळीस सेंटिमीटर उडी मारणारा खेळाडू अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ हवेत राहतो आणि त्यातला पाव सेकंदाहून जास्त काळ तो जवळजवळ तरंगत असतो. तिथे चेहऱ्यावरचा ताणही निवळलेला असतो. डोळ्यांना वाटते ते आणि प्रत्यक्ष घडते ते यांत किती अंतर असते, हे छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये चौखूर उधळणाऱ्या घोड्याची सलग छायाचित्रे घेऊन दाखवले. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात हे त्यांतून सिद्ध झाले, परंतु चित्रकार रंगवत आले होते तसे पाय पसरलेले असताना नव्हे, तर ते पोटाखाली गोळा झालेले असताना. आपल्या खेळातील सर्वांत देखणा क्षणही आपल्याला वाटतो त्याहून वेगळा असू शकतो. म्हणून निवड करताना आपल्या अपेक्षेपेक्षा निराळी काही छायाचित्रे आम्ही मुद्दाम समोर ठेवतो.

खेळाडूचे पोर्ट्रेट

सामन्याचे चित्रण आणि खेळाडूचे पोर्ट्रेट ही दोन वेगळी कामे आहेत आणि ती एकाच तासात उरकू नयेत, असे आमचे ठाम मत आहे. पोर्ट्रेटसाठी, म्हणजे एकट्या खेळाडूच्या व्यक्तिचित्रासाठी, आम्ही ८५ ते १३५ मिलिमीटरची, दुरूनही चेहरा मोठा दाखवणारी लेन्स वापरतो आणि खेळाडूपासून दोन-तीन मीटर दूर उभे राहतो. अगदी जवळून चित्र घेतले तर कॅमेऱ्याला सर्वांत जवळ असलेले नाक प्रमाणाबाहेर मोठे आणि कान लहान दिसतात.

अवघड भाग लेन्सचा नसतो, संकोचाचा असतो. एक तरुण गोलरक्षक आमच्यासमोर वीस मिनिटे ताठ उभा होता. हात कुठे ठेवावेत हेच त्याला सुचत नव्हते, आणि आमच्या प्रत्येक सूचनेगणिक तो अधिक अवघडत होता. शेवटी आम्ही कॅमेरा खाली ठेवला आणि सामन्यापूर्वी घालतोस तसे हातमोजे घाल, एवढेच सांगितले. त्याने पट्टा आवळला, तळहात एकमेकांवर आपटले, आणि नजर वर केली तेव्हा समोर खरा गोलरक्षक उभा होता. घेतलेले छायाचित्र त्या क्षणाचे आहे. तेव्हापासून आम्ही प्रत्येक खेळाडूला आपले नेहमीचे साहित्य सोबत आणण्याची विनंती करतो. ते नवे कोरे नसावे. वापरून झिजलेली मूठ, चिखल लागलेले बूट आणि घामाने विटलेला पट्टा यांतून त्या माणसाचे कष्ट दिसतात, आणि ते दिसावेत असे आम्हाला मनापासून वाटते. कपड्यांबाबत एक सूचना : भडक चमकदार रंगाच्या सदऱ्याचा रंग हनुवटीवर आणि गळ्यावर परावर्तित होतो, म्हणून शक्यतो संघाचा मूळ गणवेश घालावा.

सहल आणि पदभ्रमण

चालणाऱ्या गटाची चांगली छायाचित्रे पुढून मिळतात; मागून केवळ पाठपिशव्या दिसतात. त्यामुळे आमचा छायाचित्रकार गटाच्या पुढे जातो, थांबतो, गट पुढे गेल्यावर पुन्हा त्याला गाठतो आणि असे दिवसभरात अनेकदा करतो. आपल्या गटप्रमुखांना याची आधी कल्पना असावी आणि वाटेतील विसाव्याच्या जागा आम्हाला आदल्या दिवशी कळाव्यात. चढ कितीही दमवणारा असला तरी छायाचित्रात तो सपाट दिसतो. बाजूने आणि थोडे खालून चित्र घेतले तरच त्याची उंची जाणवते. मोठ्या कोनाच्या लेन्समध्ये कडेला उभी असलेली माणसे ताणलेली दिसतात, म्हणून सामूहिक छायाचित्रात आम्ही सर्वांना मध्याकडे सरकायला सांगतो. ते कोणाचा मान कमी करण्यासाठी नसते.

कड्याच्या टोकावर, वाहत्या पाण्यात किंवा निसरड्या खडकावर उभे राहून छायाचित्र काढण्यास आम्ही स्पष्ट नकार देतो. आपण आग्रह केला तरी उत्तर बदलणार नाही.

थंडीत बॅटरीची क्षमता घटते, म्हणून जादा बॅटऱ्या आम्ही अंगाजवळच्या खिशात ठेवतो. थंड हवेतून कॅमेरा उबदार खोलीत आणला की लेन्सवर दव जमते. एकदा याच कारणाने मुक्कामी पोहोचल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाची सगळी छायाचित्रे आमच्या हातून गेली. आता आम्ही कॅमेरा बंद पिशवीत ठेवूनच आत आणतो आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडत नाही. तोपर्यंत कृपया धीर धरावा.

गटातील कोणाला छायाचित्रात यायचे नसेल, तर ते आम्हाला निघण्यापूर्वी सांगावे. कारण विचारले जाणार नाही. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती आम्ही आवश्यक मानतो, आणि ती चित्रणासाठी वेगळी व प्रसिद्धीसाठी वेगळी घेतो.

छायाचित्रे हाती येईपर्यंत

एका दिवसात आम्ही हजाराहून अधिक छायाचित्रे घेतो आणि त्यांतील फार थोडी आपल्याला देतो. मिटलेले डोळे, अर्धवट हालचाली आणि पुनरावृत्ती वगळणे हा आमच्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे ‘सगळीच द्या’ ही विनंती आम्ही स्वीकारत नाही. चित्रण आम्ही रॉ स्वरूपात करतो, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता जशीच्या तशी जपून ठेवतो. छायाचित्रांच्या नेहमीच्या, आकाराने लहान केलेल्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ असतात; सावलीतील चेहरा सावरण्याची जी काही संधी मिळते ती या फरकामुळे. त्याच रात्री प्रत्येक फाइलच्या तीन प्रती होतात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी ठेवली जाते. ते होईपर्यंत कॅमेऱ्यातील कार्ड पुसले जात नाही.

आपल्याला दोन संच मिळतात, एक पडद्यावर पाहण्यासाठी आणि दुसरा छपाईसाठी. १२ बाय १८ इंचांची छपाई इंचाला ३०० ठिपके या दर्जाने करायची तर ३६०० बाय ५४०० ठिपके, म्हणजे सुमारे १ कोटी ९४ लाख ठिपके लागतात. संदेशांच्या अ‍ॅपवरून पाठवलेले छायाचित्र बहुधा आपोआप लहान केले जाते, म्हणून छपाईसाठी ते वापरू नये आणि छपाईचा संच मूळ फाइलींच्या स्वरूपातच छपाईवाल्याकडे द्यावा. फाइली मिळाल्यावर त्या उघडून पाहाव्यात आणि काही राहून गेले असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावे. मूळ रॉ फाइली आमच्याकडे एक वर्ष राहतात.