तोरणाचा अशोक आणि पंचांगातला अशोक

आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत सात झाडं आहेत, छत्री मिटून उभी करावी तशी उंच आणि सडपातळ. सगळे त्यांना अशोक म्हणतात. दसऱ्याच्या आधी माळी छाटणी करतो, खाली पडलेल्या डहाळ्या आम्ही उचलतो आणि दारोदारी तोरणं लागतात. इथवर काही बिघडत नाही. बिघडलं ते चैत्रात. पाडव्यानंतर आठवड्याभराने वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पंचांग पुढे केलं. चैत्र शुद्ध अष्टमी, अशोककलिकाप्राशन, म्हणजे अशोकाच्या कळ्या प्राशन करायचा दिवस. ‘खाली एवढे अशोक आहेत, आठ कळ्या घेऊन ये बघू.’ मी गेले, शोधून शोधून आणल्या. काकूंनी चष्मा वर सारून त्या फिकट हिरव्या कळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, अशोकाच्या कळ्या केशरी ना?’

केशरीच. मी आणल्या होत्या त्या खोट्या अशोकाच्या.

पंचांगातला, रामायणातला, कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तला अशोक म्हणजे सीता अशोक, शास्त्रीय नाव सराका असोका. कुळ शेंगांचं, म्हणजे चिंच-गुलमोहराच्या गोतावळ्यातला. सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाला की हा फुलतो, असा कविसंकेत आहे, आणि मदनाच्या पाच बाणांत याचं फूल आहे. भिंतीलगतचा तो खोटा अशोक, ज्याला आसुपाल किंवा आसोपालवही म्हणतात. पुस्तकांत तो बरीच वर्षं पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होता, हल्ली त्याला मोनून लाँगिफोलियम म्हणतात. याचं कूळ सीताफळाचं. म्हणजे सीता याच्याही घरात आहेच, फक्त नावात मिरवत नाही!

दोघंही सदाहरित, दोघंही वसंतात फुलतात, दोघांची पानं लांबट आणि चकचकीत. मग ओळखायचं कसं? फूल असेल तर प्रश्नच नाही. सीता अशोकाचे गुच्छ जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर येतात. आधी पिवळट केशरी आणि मग लाल होत जातात. खऱ्या पाकळ्या त्यांना नसतातच, रंग असतो तो निदलांचा, म्हणजे एरवी पाकळ्यांखाली हिरव्या असणाऱ्या दलांचा, आणि लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. खोट्याची फुलं सहा पाकळ्यांची, चांदणीसारखी, पण पानांच्याच रंगाची. झाड फुललंय हे खालून जाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. फळांचंही तसंच: सीता अशोकाला चपटी शेंग धरते, तर खोट्याला घोसाने छोटी लंबगोल फळं लागतात. ती पिकली की जांभळी-काळी होतात, वटवाघळं रात्रभर खातात आणि सकाळी गाड्यांच्या टपांवर बियांचा सडा पडलेला असतो.

फूल नसताना मात्र पान हातात घ्यावं लागतं. इथेच माझी खरी फसगत झाली होती, म्हणून जरा सविस्तर सांगते. खोट्या अशोकाचं पान साधं असतं. वीतभर लांब, टोकाला निमुळतं आणि कडा लाटेसारखी, साडीच्या निऱ्या हलक्या हाताने दाबाव्यात तशी. काडीवर ही पानं एक इकडे, एक तिकडे अशी लागतात. सीता अशोकात ज्याला आपण पान समजतो ती खरं तर पर्णिका. चार ते सहा जोड्या समोरासमोर बसलेल्या, आणि सगळ्या मिळून एक पान. पर्णिकेच्या बगलेत डोळा म्हणजे कोंब शोधा, सापडणार नाही. तो त्या अख्ख्या काडीच्या बुडाशी असतो. कोवळी पालवी दिसली तर एवढं करायचीही गरज नाही. तांबूस, लुसलुशीत, रेशमी गोंड्यासारखी ती खाली लोंबत असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं झाड सुकलं.

उभ्या झाडाच्या आकारावर जाऊ नका. मिटल्या छत्रीसारखं रूप हे खोट्या अशोकाच्या लोंबत्या फांद्यांच्या वाणाचं. त्याचाच दुसरा वाण चांगला पसरतो.

आता तोरणाचं. माझं मत स्पष्ट आहे: तोरण खोट्याचंच करावं. सीता अशोक आधीच दुर्मीळ. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी त्याची साल इतकी ओरबाडली गेली की आज तो संकटग्रस्त झाडांच्या यादीत आहे. बाजारात त्याच्या सालीत खोट्याची भेसळ होते तीही त्याचमुळे. मुंबईत तो निवांत बघायचा तर राणीच्या बागेत जावं आणि हात पाठीमागे ठेवून बघावा. खोट्याला मात्र छाटणी सोसते. मुंबईतले आमचे गुजराती शेजारी तर दिवाळीलाही आंब्यापेक्षा आसोपालवच पसंत करतात.

पानं फार कोवळी नकोत, लगेच माना टाकतात. ओल्या फडक्याने पुसून सारख्या लांबीची निवडा. तीन फुटी चौकटीला साडेचार फूट सुतळी घ्या, दोन्ही टोकांना गाठीपुरती जागा सोडा. पानाचा देठाकडचा दोन बोटं भाग सुतळीवरून मागे दुमडायचा आणि खराट्याच्या हिराच्या तुकड्याने टाचायचा. स्टेपलरनेही होतं, पण निर्माल्यात पिना जातात. हीर आडवा टोचा, शिरेला समांतर टोचलात तर पान चिरतं. दोन पानांमध्ये झेंडू, तो दाभणाने देठाकडून ओवलेला. आंब्याचं पान माझ्या दारावर तिसऱ्या दिवशी वळकटी होतं, हे मात्र रंग उतरला तरी सरळ लोंबत राहतं.

पुसताना पानाची मागची बाजूही बघा. टेल्ड जे नावाचं हिरव्या ठिपक्यांचं फुलपाखरू याच झाडावर अंडी घालतं. गेल्या दसऱ्याला तोरण टांगून झालं आणि काकूंना सातव्या पानामागे पानाच्याच रंगाचा कोष दिसला. हीर अलगद काढून ते पान खाली झाडाच्या डहाळीला दोऱ्याने बांधून आले. रिकाम्या जागी काकूंनी दोन झेंडू जास्त ओवले.