फॉकलंडला लढलेला स्कॉटिश राष्ट्रवादी : कीथ ब्राउन यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

ब्रिटनच्या झेंड्याखाली प्रत्यक्ष युद्धात उतरलेला माणूस पुढे ब्रिटनमधून बाहेर पडू पाहणाऱ्या पक्षाचा उपनेता होतो, हे दुरून पाहणाऱ्याला कोडे वाटते. स्कॉटलंडच्या राजकारणात मात्र ते फारसे कोडे नाही. स्कॉटिश नॅशनल पार्टीचे म्हणजे एसएनपीचे कीथ ब्राउन हे याचे अलीकडचे ठळक उदाहरण. नगरसेवक, आमदार, मंत्री, उपनेता अशी त्यांची चढण आहे आणि तिच्या मुळाशी रॉयल मरीन्समधली, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या लढाऊ पायदळातली तीन वर्षे आहेत. ती तीन वर्षे त्यांच्या पक्षाला एवढी मोलाची का वाटली, हे समजण्यासाठी त्यांच्या जन्माच्याही मागे जावे लागते.

ब्राउन यांचा जन्म १९६१ सालचा, एडिनबरामधला. शिक्षण तिथल्याच टाइनकॅसल हायस्कूलमध्ये. १९८० मध्ये ते मरीन्समध्ये भरती झाले आणि ४५ कमांडो या तुकडीत गेले. या तुकडीचा तळ १९७१ पासून स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आर्ब्रोथ गावाजवळ आहे. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने ब्रिटिश अमलाखालची फॉकलंड बेटे ताब्यात घेतली, तेव्हा ब्राउन वीस वर्षांचे होते. सुमारे तेरा हजार किलोमीटर दूर दक्षिण अटलांटिकमध्ये ब्रिटनने आरमार धाडले आणि त्यात ४५ कमांडोही होती.

२१ मे रोजी ब्रिटिश सैन्य सॅन कार्लोसच्या खाडीत उतरले. पुढे सैनिकांना हेलिकॉप्टरने नेण्याचा बेत होता. पण २५ मे रोजी 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्रे आदळली आणि अवजड सामान उचलणारी तीन चिनूक हेलिकॉप्टरे जहाजाबरोबर गेली. मग ४५ कमांडोने पाठीवर ओझे घेऊन दलदल आणि खडक तुडवत जवळजवळ नव्वद किलोमीटरची वाट पायी कापली. मरीन्सच्या बोलीत अशा चालीला 'योम्प' म्हणतात. ११ जूनच्या रात्री या तुकडीने 'टू सिस्टर्स' हा डोंगर घेतला आणि १४ जूनला पोर्ट स्टॅन्लीमध्ये अर्जेंटिनाच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. ब्रिटनचे २५५ आणि अर्जेंटिनाचे ६४९ जण या लढाईत गेले. ब्राउन १९८३ मध्ये मरीन्समधून बाहेर पडले.

स्कॉटलंडमध्ये घराघरातून सैन्यात जाण्याची परंपरा जुनी आहे आणि साम्राज्याच्या बहुतेक युद्धांत स्कॉटिश पलटणी पुढे होत्या. मराठी वाचकाला त्यासाठी लांब जायला नको. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यात असई येथे मराठ्यांच्या फौजेशी ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीची गाठ पडली, तेव्हा त्याच्याकडे ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी होत्या. मराठ्यांच्या तोफांपुढे ७४ व्या पलटणीची पार दैना उडाली. तिचा वारसा पुढे हायलँड लाइट इन्फन्ट्रीकडे गेला आणि त्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर हत्ती आणि 'असई' हे नाव कायम राहिले. साम्राज्य लंडनचे, पण रेजिमेंट आपली, अशी स्कॉटिश लोकांची भावना होती. राष्ट्रवादी पक्षाला पुढे या भावनेशी सतत जुळवून घ्यावे लागले.

एसएनपीची स्थापना १९३४ ची. १९३६ ते १९४० या काळात पक्षाचे नेतृत्व करणारे अँड्र्यू ड्यूअर गिब हे ग्लासगो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक होते आणि पहिल्या महायुद्धातले अधिकारीही. १९१६ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर ते रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्सच्या सहाव्या बटालियनमध्ये होते. तिचे प्रमुख होते मंत्रिमंडळातून बाहेर पडून आघाडीवर आलेले विन्स्टन चर्चिल. गिब यांनी त्या महिन्यांवर पुस्तकही लिहिले. राष्ट्रवादाकडे वळण्यापूर्वी त्यांनी ब्रिटनशी जोडलेले राहण्याच्या बाजूच्या युनियनिस्ट पक्षातर्फे निवडणूकही लढवली होती. म्हणजे ब्रिटिश सैन्यातून राष्ट्रवादाकडे येण्याची वाट पक्षाच्या पहिल्या दशकातच पडली होती.

त्याच दशकात दुसरी वाटही फुटली. लंडनच्या सरकारला स्कॉटिश तरुणांवर सक्तीची लष्करभरती लादण्याचा अधिकारच नाही, असे मानणारे कवी आणि ग्रीक भाषेचे अभ्यासक डग्लस यंग १९४२ मध्ये तुरुंगात गेले. त्याच वर्षी पक्षाने त्यांना अध्यक्ष निवडले आणि जॉन मॅक्कॉर्मिक यांच्यासारखे संस्थापक पक्ष सोडून गेले. सैन्याविषयी नेमके काय म्हणायचे, या प्रश्नावर पक्ष फुटण्याची ती पहिली वेळ. पुढे १९६९ ते १९७९ या भरभराटीच्या काळात पक्षाला नेता मिळाला तो पुन्हा सैन्यात राहिलेला. विल्यम वुल्फ दुसऱ्या महायुद्धात स्कॉटिश हॉर्स या पलटणीत होते. १९८२ मध्ये ते पक्षाचे मानद अध्यक्ष असताना पोपच्या ब्रिटन दौऱ्याविषयी आणि फॉकलंडच्या संदर्भात त्यांनी कॅथलिकांविरुद्ध कटू लिखाण केले आणि त्यांना पद सोडावे लागले. तरुण ब्राउन ज्या वर्षी फॉकलंडच्या चिखलात होते, त्याच वर्षी त्या युद्धाने त्यांच्या भावी पक्षाच्या एका ज्येष्ठाची कारकीर्द संपवली.

रेजिमेंटवरच्या प्रेमाचा राजकीय फायदा सुरुवातीला राष्ट्रवाद्यांना मिळत नव्हता. १९६८ मध्ये सरकारने आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स ही पलटण मोडण्याचे जाहीर केले, तेव्हा ती वाचवण्यासाठी दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. पण एडनमध्ये गाजलेले तिचे कर्नल कॉलिन मिचेल १९७० मध्ये खासदार झाले ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे. गणित बदलायला आणखी तीन दशके जावी लागली. २००४ च्या हिवाळ्यात 'ब्लॅक वॉच' ही पलटण इराकमध्ये बगदादच्या दक्षिणेला तैनात होती आणि तिचे जवान मारले जात होते. ती परत येते न येते तोच डिसेंबरमध्ये लेबर सरकारने जुन्या स्कॉटिश रेजिमेंट एकत्र करण्याचा निर्णय जाहीर केला. २००६ मध्ये रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड अस्तित्वात आली. इराक युद्धाला विरोध करणारी एसएनपी या वेळी जुन्या पलटणींच्या बाजूने उभी राहिली. युद्ध चुकीचे, पण जवान आपले, ही भूमिका लोकांना पटली. ब्राउन विधिमंडळात पोहोचले ते याच वातावरणात, आणि माझ्या मते हा काळ लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या लष्करी ओळखीचे वजन समजत नाही.

अर्थात ते थेट युद्धभूमीवरून राजकारणात आले नाहीत. मरीन्स सोडल्यावर त्यांनी डंडी विद्यापीठात राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि मग बरीच वर्षे स्थानिक प्रशासनात नोकरी केली. १९९६ मध्ये ते क्लॅकमॅननशायरच्या कौन्सिलवर निवडून आले. या लहानशा प्रदेशाला स्कॉटलंडमध्ये लाडाने 'वी काउंटी' म्हणतात. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. कोळशाच्या खाणी, दारूच्या भट्ट्या आणि लोकरीच्या गिरण्या यांवर उभा राहिलेला हा कामगारांचा मुलूख, त्यामुळे लेबर पक्षाचे तिथे जुने वजन. अशा ठिकाणी १९९९ ते २००३ या काळात ब्राउन कौन्सिलचे प्रमुख होते. घरभाडे, शाळांच्या इमारती, कचरा, रस्ते यांचा हिशेब रोज करायला लागणारी ही चार वर्षे त्यांच्या पुढच्या मंत्रिपदाच्या कामात स्पष्ट दिसतात.

२००७ मध्ये ओकिल मतदारसंघातून ते स्कॉटलंडच्या म्हणजे होलीरूडच्या संसदेत गेले. ही जागा त्यांच्याच पक्षाचे जॉर्ज रीड यांची; रीड हे संसदेचे मावळते सभापती. ब्राउन यांचा विजय पाचशेहून कमी मतांचा. पण त्या निवडणुकीत असा एकेक निसटता विजय सोन्याच्या मोलाचा ठरला, कारण एसएनपीला ४७ आणि लेबरला ४६ जागा मिळाल्या आणि एसएनपीचे नेते अॅलेक्स सॅमंड यांचे अल्पमतातले सरकार सत्तेवर आले. २००९ मध्ये ब्राउन शाळा आणि कौशल्य विकास खात्याचे राज्यमंत्री झाले.

डिसेंबर २०१० मध्ये जोरदार हिमवृष्टी झाली. एडिनबरा आणि ग्लासगो जोडणाऱ्या एम-८ महामार्गावर लोक रात्रभर गाड्यांमध्ये अडकले आणि वाहतूकमंत्री स्ट्युअर्ट स्टीव्हनसन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी ब्राउन यांना आणले गेले. संकटात डोके शांत ठेवून यंत्रणा हलवणारा माणूस हवा होता आणि सॅमंड यांनी माजी मरीनची निवड केली.

वाहतूक खात्यातून पायाभूत सुविधा आणि मग २०१६ मध्ये अर्थव्यवस्था, असा त्यांचा प्रवास झाला. या काळातले सर्वांत मोठे काम म्हणजे फोर्थच्या खाडीवरचा नवा पूल. १९६४ च्या जुन्या पुलाच्या मुख्य दोरखंडातल्या तारा गंजत होत्या. डिसेंबर २०१५ मध्ये एका पोलादी भागाला तडा गेल्याचे आढळले आणि तो पूल काही आठवडे बंदच ठेवावा लागला. नव्या क्वीन्सफेरी क्रॉसिंगचे बांधकाम २०११ मध्ये सुरू झाले आणि ३० ऑगस्ट २०१७ रोजी २.७ किलोमीटर लांबीचा हा पूल वाहतुकीला खुला झाला. खर्च सुमारे १३५ कोटी पौंड, आधीच्या अंदाजापेक्षा कमी. वाऱ्यामुळे काम काही महिने लांबले आणि ब्राउन यांना संसदेत त्याबद्दल उत्तरे द्यावी लागली. तरीही एवढे मोठे काम स्कॉटलंडचे सरकार स्वतःच्या बळावर पार पाडू शकते, हे पक्षाला दाखवायचे होते आणि ते दिसले.

२०१२ पासून त्यांच्याकडे वाहतुकीबरोबर माजी सैनिकांचे खातेही आले. संरक्षण हा विषय लंडनच्या अखत्यारीतला, पण सैन्यातून बाहेर पडलेल्याचे घर, आरोग्य, नोकरी हे विषय एडिनबराच्या अखत्यारीत येतात. २०१४ मध्ये स्कॉटलंडने माजी सैनिकांसाठी स्वतंत्र आयुक्त नेमला. ब्रिटनमधले असे ते पहिलेच पद.

ही वेळ महत्त्वाची होती, कारण स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर २०१४ मध्ये झालेल्या सार्वमतात विरोधकांचा एक नेमका हल्ला संरक्षणावर होता. क्लाइडच्या खाडीत फास्लेन येथे ब्रिटनच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्या आहेत आणि त्या हटवाव्यात ही एसएनपीची पक्की मागणी. पण नाटोचे काय? तीन दशके पक्ष नाटोच्याही विरोधात होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये पर्थच्या अधिवेशनात तासन्‌तास वादावादी झाली आणि अण्वस्त्रे न ठेवता नाटोत राहण्याचा ठराव ४२६ विरुद्ध ३३२ मतांनी संमत झाला. जॉन फिनी आणि जीन अर्कहार्ट या दोन आमदारांनी पक्ष सोडला. पुढच्या वर्षीच्या श्वेतपत्रिकेत वार्षिक २५० कोटी पौंडांचा संरक्षण खर्च, दहा वर्षांत १५,००० कायम आणि ५,००० राखीव सैनिक असा आराखडा आला. शस्त्र कधी हातात न धरलेल्या नेत्याने हे आकडे मांडणे वेगळे आणि ज्याच्या सहकाऱ्यांना फॉकलंडमध्ये पुरावे लागले त्याने त्यांची पाठराखण करणे वेगळे. पक्षाला ब्राउन यांची गरज होती ती इथे.

१८ सप्टेंबर २०१४ च्या मतदानानंतर पहिला निकाल आला तो क्लॅकमॅननशायरचा. इथे स्वातंत्र्याच्या बाजूने कौल मिळेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. ५४ टक्के लोकांनी 'नको' म्हटले. पहाटेपर्यंत देशभरचे चित्र तेच राहिले : ५५ विरुद्ध ४५. ब्राउन यांनी जवळजवळ वीस वर्षे जिथे काम केले, त्या मुलखानेच त्या रात्रीचा पराभव पहिल्यांदा जाहीर करावा, हे पक्षालाही जिव्हारी लागणारे होते.

२०१७ च्या निवडणुकीत अँगस रॉबर्टसन यांची खासदारकी गेली आणि नंतर त्यांनी उपनेतेपदही सोडले. जून २०१८ मध्ये पक्षाच्या सभासदांनी ज्युली हेपबर्न आणि ख्रिस मॅकेलेनी यांना मागे टाकून ब्राउन यांना निवडले. काही दिवसांतच ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले, शाखाशाखांमध्ये जाऊन पुढच्या सार्वमताची तयारी करण्यासाठी.

२०२१ मध्ये ते न्याय आणि माजी सैनिक खात्याचे मंत्री म्हणून परत आले. कोविडने न्यायालयांत खटल्यांचे ढीग लागले होते. पण मला त्या कारकिर्दीतले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते जून २०२२ मध्ये संमत झालेले विधेयक. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात स्कॉटलंडमध्ये सुमारे १,४०० जणांना अटक झाली आणि ५०० हून अधिक जण दोषी ठरले. शांतताभंगासारख्या किरकोळ गुन्ह्यांमुळे अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, हक्काचे पैसे बुडाले. अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना सरसकट माफी देणारा ब्रिटनमधला हा पहिला कायदा. भरपाईची तरतूद त्यात नव्हती आणि ती असायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पण खाणींच्या मुलखाचा प्रतिनिधी या नात्याने ब्राउन यांनी तो तडीस नेला.

त्याच खात्यात त्यांना सर्वांत मोठा ताण सोसावा लागला तो जानेवारी २०२३ मध्ये. बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या एका ट्रान्स कैद्याला स्त्रियांच्या तुरुंगात ठेवल्यावरून गदारोळ उठला आणि स्त्रियांवरील हिंसेचा इतिहास असलेल्या अशा कैद्यांची स्त्रियांच्या तुरुंगात पाठवणी ब्राउन यांना थांबवावी लागली. काही आठवड्यांत पक्षाच्या नेत्या आणि सरकारच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांनी पद सोडले. मार्चअखेर त्यांच्या जागी आलेल्या हमझा यूसफ यांच्या मंत्रिमंडळात ब्राउन यांना स्थान मिळाले नाही. खाते अँजेला कॉन्स्टन्स यांच्याकडे गेले. २०१० मध्ये ब्राउन वाहतूक खात्यात गेले, तेव्हा त्यांची आधीची जागा घेणाऱ्याही त्याच.

उपनेतेपद मात्र राहिले आणि तो काळ पक्षासाठी फार कठीण होता. पक्षाच्या पैशांच्या व्यवहाराची पोलीस चौकशी, तेरा महिन्यांत यूसफ यांचे जाणे, मे २०२४ मध्ये जॉन स्विनी यांच्याकडे सूत्रे आणि जुलैच्या निवडणुकीत वेस्टमिन्स्टरमधल्या म्हणजे लंडनच्या संसदेतल्या ४८ जागांवरून ९ वर घसरण. रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर २०१२ चा नाटोचा ठराव पक्षात पूर्वीइतका वादाचा उरला नव्हता. फास्लेनमधल्या पाणबुड्यांविषयीची मागणीही तशीच कायम होती.