प्राण्यांच्या विष्ठेचे जुने इंग्रजी शब्द

इंग्लंडमधील शिकारी, मेंढपाळ आणि चर्मकार यांच्या बोलीतील, आता बहुतेक लोपलेला शब्दसमूह. मराठीत गाईचे शेण, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या आणि पाखराची शीट वेगवेगळी असते. मध्ययुगीन इंग्रज शिकाऱ्यांनी हा भेद रानातल्या जनावरांपर्यंत नेला.

यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने १४०६ ते १४१३ च्या दरम्यान सिद्ध केलेला ‘द मास्टर ऑफ गेम’ हा शिकारीवरचा ग्रंथ त्यासाठी महत्त्वाचा. त्याचा बराचसा भाग गास्तों फेब्यूस याच्या फ्रेंच ग्रंथाचा अनुवाद आहे. नर हरणाच्या लेंड्यांना ‘फ्यूमेट्स’, रानडुक्कर व लांडग्याच्या विष्ठेला ‘लेसेस’, खोकडाच्या विष्ठेला ‘वॅगिंग’, तर पाणमांजराच्या विष्ठेला ‘स्प्रेंट’ म्हणत. माग काढणारा शिकारी पहाटे कुत्र्यासह रानात जाई आणि सापडलेले फ्यूमेट्स आपल्या फुंकायच्या शिंगात घालून मालकापुढे आणी. त्यांचा आकार आणि घट्टपणा पाहून हरीण किती मोठे व धष्टपुष्ट आहे हे ताडत आणि कोणत्या हरणामागे जायचे ते ठरवत. जनावर दिसण्याआधीच त्याची पारख करणारी ही विद्या खरोखर थक्क करणारी आहे. यांपैकी ‘स्प्रेंट’ टिकला: ब्रिटनमध्ये पाणमांजरांचा वावर अभ्यासक आजही स्प्रेंट शोधूनच नोंदवतात. ससाणे पाळणाऱ्यांमध्ये पक्ष्याच्या शिटेसाठी ‘म्यूट्स’ हा शब्दही चालू आहे.

शेतीत ‘टॅथ’ हा पूर्व इंग्लंडमधील नॉर्फक-सफककडचा शब्द. रात्री मेंढ्या बसवून शेताला मिळणारे खत म्हणजे टॅथ. महाराष्ट्रात शेतकरी धनगराला धान्य किंवा पैसे देऊन कळप बसवून घेतो. तिथे मात्र कुळांच्या मेंढ्या आपल्या जमिनीवर बसवून घेणे हा जमीनदाराचा हक्क असे. जळणासाठी वाळवलेल्या शेणाला, म्हणजे गोवऱ्यांना, ‘केसिंग्ज’ म्हणत.

सर्वांत करुण शब्द ‘प्युअर’. अर्थ ‘शुद्ध’, पण वस्तू कुत्र्याची विष्ठा. चुन्यातून काढलेले कातडे तिने मऊ होई. हेन्री मेह्यू याने १८५१ मध्ये लंडनच्या गोरगरिबांवर जे लिहिले, त्यात रस्त्यांवरून ती वेचून बर्मंडझीच्या चर्मालयांना विकणारी माणसे भेटतात. बादलीला साधारण ८ ते १० पेन्स मिळत. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन रसायनज्ञ ओटो रोम याने जनावरांच्या स्वादुपिंडातील विकरे या कामी आणली आणि प्युअरची गरज सरली.